'फेडरलिस्ट'ला मराठीत काय म्हणावं?

कानामात्रा
भाची न्यू जर्सीत आठवीला आहे. शाळेत अमेरिकेच्या संविधानावरचा १७८७-८८चा वाद चालू आहे आणि तो आमच्या बाबांना फोनवर मराठीतून सांगायचा तिचा हट्ट. मधे दुभाषी मी. नवं संविधान मंजूर व्हावं म्हणणाऱ्या फेडरलिस्टना मी 'संघराज्यवादी' म्हटलं, समोरच्यांना 'संघराज्यविरोधी'. बाबांनी जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलंय. ते लगेच म्हणाले, "म्हणजे संघराज्यवादी राज्यांच्या बाजूचे." नेमकं उलटं! हॅमिल्टन, मॅडिसन यांना कर बसवू शकणारं, सैन्य ठेवणारं बळकट केंद्र हवं होतं. पॅट्रिक हेन्री, जॉर्ज मेसन यांना त्याचीच धास्ती होती. पण बाबांना चूक म्हणवत नाही. आपल्याकडे संघराज्याचं नाव घेऊन कोणी बोलतो तेव्हा बहुतेक वेळा तो राज्यांच्या हक्कांबद्दलच बोलत असतो. मग शब्द कोणता घेऊ?

वेलांटी
तुमच्या बाबांचा आक्षेप तेव्हाही घेतला गेला होता. १७८१पासून तेरा राज्यांचा सैल करार होता. काँग्रेसला, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती सभेला, कर बसवता येत नव्हता, राज्यांकडे पैसे मागत बसायचं. 'फेडरल' म्हणजे अशीच व्यवस्था, असा समज. त्यामुळे विरोधक म्हणायचे, खरे फेडरलिस्ट आम्ही, यांनी आमचं नाव पळवलं. त्या विरोधकांतलेच एल्ब्रिज गेरी १७८९मध्ये प्रतिनिधिगृहात म्हणाले होते की भांडण संविधान 'रॅटिफाय', म्हणजे मंजूर, करण्यावरून होतं, तेव्हा दोन्ही बाजूंना 'रॅट' आणि 'अँटी-रॅट' म्हणायला हवं होतं. उंदरावरची ही कोटी मराठीत उतरणार नाही. सरळ 'केंद्रवादी' आणि 'राज्यवादी' म्हणा.

उंबरठा
केंद्रवादी नको हो. राज्यांचे कायदे रद्द करायचा अधिकार केंद्राला असावा, ही मॅडिसनची मागणी संविधान लिहिणाऱ्या फिलाडेल्फियाच्या सभेतच फेटाळली गेली. सिनेटमध्ये लहानमोठ्या प्रत्येक राज्याला दोनच जागा मिळाल्या. नवी रचना काही बाबतींत राष्ट्रीय, काही बाबतींत संघीय आहे, हे मॅडिसनने स्वतः लिहून ठेवलंय. तो सगळा तोल या एका शब्दाने पुसला जातो. आणि 'राज्यवादी'त मेसन कसा बसणार? त्याची पहिली तक्रार होती की यात हक्कांची सनदच नाही. १७९१च्या दहा दुरुस्त्या त्याच रेट्यातून आल्या. ती माणसाच्या हक्काची गोष्ट होती, नुसती राज्यांची नाही.

अर्धविराम
धातूकडे जा. फेडरलच्या मुळाशी लॅटिन 'फोएडुस' आहे, म्हणजे तह. आपला 'संघ' सम् + हन् पासून, एकत्र येऊन घट्ट झालेला. दोन्ही शब्दांचा पिंडच वेगळा, म्हणून घोटाळा होतो. 'संधिराज्यवादी' हा निर्दोष शब्द आहे.

वेलांटी
निर्दोष असेल, पण ऐकणाऱ्याला आधी 'संधिसाधू' आठवेल. तुम्हीच अर्थ 'तह' असा सांगितलात, मग तहच का नको? बाहेरून आला म्हणून? दोनतीनशे वर्षं आपल्या बखरींत नांदलेला शब्द परका कसा?

अर्धविराम
परका म्हटलेलं नाही. तहापासून 'तहवादी' केलं तर तो शरणागती पत्करणारा वाटेल. मी फक्त शब्द कसा घडतो ते बघतोय.

ओटीवरून
१७८१च्या त्या करारासाठी आपल्याकडे तयार शब्द आहे: बारभाईचा कारभार.

उंबरठा
याला माझा विरोध. नारायणरावांच्या खुनानंतर सखारामबापू, नाना फडणवीस वगैरे मंडळींनी राघोबाला अडवून राज्य सावरलं, ते बारभाई. त्यांचं नाव गोंधळाला देणं हा अन्याय आहे.

ओटीवरून
इतिहासात अन्याय असेल, पण बोलण्यात अर्थ पक्का झालाय. माझी आजी चार सुनांच्या स्वयंपाकघराला बारभाई म्हणायची. नाना फडणवीस तिच्या मनातही नसायचे.

कानामात्रा
मूळ प्रश्न राहिला बाजूला. त्यात आता 'फॅक्शन' आडवा आलाय. 'द फेडरलिस्ट' या संविधानाच्या बाजूच्या लेखमालेतल्या, २२ नोव्हेंबर १७८७च्या दहाव्या लेखात मॅडिसन त्याची व्याख्या करतो: काही नागरिक, बहुसंख्य असोत की अल्पसंख्य, एखाद्या आवेगाने किंवा हितसंबंधाने एकत्र येतात आणि त्यांचा रोख इतरांच्या हक्कांविरुद्ध किंवा सगळ्यांच्या हिताविरुद्ध असतो. मी 'पक्ष' लिहिलं होतं.

वेलांटी
पक्ष अजिबात नको, त्यात दोष ध्वनित होत नाही. 'तट' घ्या. आमच्या गावी पाटाच्या पाळीवरून दोन तट पडले होते. लग्नाची पंगतसुद्धा दोनदा बसायची, वाढपीही वेगळे. मॅडिसनला हेच म्हणायचंय.

ओटीवरून
कंपू!

अर्धविराम
कंपू म्हणजे 'कॅम्प'. शिंद्यांच्या कवायती पलटणींचे कंपू होते. त्यात दुही नाही, शिस्त आहे.

ओटीवरून
पोर्तुगीज 'कांपु'वरूनही आला असेल. आणि आज कचेरीत 'साहेबांचा कंपू' म्हटलं की कोणाला शिस्त आठवते?

कानामात्रा
बाबांना तट पटला. पाळीचं उदाहरण सांगितल्यावर ते म्हणाले, हे मॅडिसनला कळलं असतं. भाचीने वहीत देवनागरीत 'तट' लिहून घेतलाय. फेडरलिस्टची जागा अजून कोरी आहे. शनिवारी पुन्हा फोन आहे.

उंबरठा
शनिवारपर्यंत आणखी एक बघा. आमच्या जुन्या नकाशात 'अमेरिकेची संयुक्त संस्थाने' असं होतं. संस्थान म्हटलं की मला राजा दिसायचा, आणि तेरांपैकी एकातही राजा नव्हता. तिथे 'संस्थान' शब्द आला कुठून?