‘जपानी घ्या आणि निवांत झोपा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

लष्करकर :
काल आपल्या ग्वाल्हेरच्या ग्रुपवर तानपुरेवाल्याने विचारलं होतं, की आईवडील, दोन पोरं आणि एक तानपुरा घेऊन ग्वाल्हेरहून पुण्याला जाता येईल अशी लांब डिकीची जुनी गाडी हवी आहे. 2006 ची स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी बघून ठेवली आहे, घेऊ का? त्यावर डिझेलानंदांनी तीन वाक्यांत निकाल लावला : "युरोपियन म्हणजे खड्डा. टाटा म्हणजे मिस्त्रीच्या पोराची फी. जपानी घ्या आणि निवांत झोपा." खाली अंगठ्यांची ही रांग. म्हणून हे लांबलचक.

तुमच्या ‘जपानी’ मारुती सुझुकीच्या जुन्या अर्टिगातलं 1.3 डिझेल इंजिन कुणाचं? फियाटचं मल्टिजेट. तेच स्विफ्टमध्ये, तेच पुंटो-लिनियात, तेच टाटाच्या मांझात क्वाड्राजेट नावाने. मारुतीने मानेसरला परवान्यावर बनवलं, फियाटने रांजणगावला. मारुतीच्या बॉनेटखाली त्याला लोक ‘देशाचं इंजिन’ म्हणायचे आणि पुंटोत तेच ‘फियाटची कटकट’! आजची रुमियन म्हणजे टोयोटाचा बिल्ला लावलेली अर्टिगा, ग्लान्झा म्हणजे बलेनो. मग झोप नक्की कशामुळे लागते, बिल्ल्यामुळे?

आणि विश्वासार्हतेचं ते अमेरिकेतलं जे. डी. पॉवरचं सर्वेक्षण दाखवू नका. त्यात तीन वर्षं वापरलेल्या गाड्यांच्या तक्रारी मोजतात आणि सगळ्यात जास्त तक्रारी असतात स्क्रीनच्या आणि फोन न जुळण्याच्या. वीस वर्षांच्या कॉम्बीला फोन जुळतच नाही, म्हणजे ती पहिली यायला हवी.

डिझेलानंद :
इंजिन एक, हे मला शिकवू नका. गाडी म्हणजे नुसतं इंजिन का? सस्पेन्शन, वायरिंग, एसी, दरवाज्याचं कुलूप, हे सगळं कोण देणार? फियाटने 2019 ला इथून गाशा गुंडाळला. आता पुंटोचा एखादा पार्ट लागला तर करोल बागेत माणूस धाडायचा. अर्टिगाचा पार्ट इथे ग्वाल्हेरात, हजिऱ्यात कोपऱ्यावर मिळतो. हीच विश्वासार्हता. बाकी सगळं चहाबरोबरच्या गप्पा.

माझ्या मेहुण्याची एक युरोपियन सेदान होती, नाव घेत नाही. भर जूनमध्ये गुन्याच्या पुढे बंद पडली. पारा पंचेचाळीसच्या वर, गाडीत सासूबाई. बिघाड काय, तर एक सेन्सर. तो सेन्सर ना गुन्याला, ना शिवपुरीला, ना ग्वाल्हेरला. क्रेनवर टाकून गाडी इंदूरला नेली आणि बिल बघून मेहुणा दोन दिवस जेवला नाही. सासूबाई अजूनही मलाच बोलतात, गाडी त्याची असून.

कंपूचे काका :
आमच्याकडे इंडिगो मरीना आहे, 2005 ची. अजून आहे. मुलीच्या लग्नातली भांडी तिच्यातून नेली, नातवाचा पाळणाही तिच्यातून आणला. टाटाला नावं ठेवणाऱ्यांनी इथे कंपू भागात यावं, चहा पाजून फिरवून आणतो. वॅगन, म्हणजे अशी लांब डिकीची गाडी, आपल्या लोकांना कधी कळलीच नाही. टाटा इस्टेट, बलेनो अल्टुरा, कोर्सा स्विंग, मरीना, एकही चालली नाही. लोक म्हणायचे, मागून शववाहिनी दिसते. आता तेच लोक एसयूव्हीच्या डिकीत दोन बॅगा मावेनात म्हणून छपरावर पेटी बांधतात.

मुरारची वहिनी :
काका, मरीना सुंदर आहे, पण प्रश्न कॉम्बीचा आहे. बिल्ला राहू द्या, आधी आरसी बघा. नोंदणी 15 वर्षांची, नंतर दर 5 वर्षांनी फिटनेस करून नूतनीकरण. 2022 पासून त्याची फी 600 ची 5 हजार झाली आणि 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या कारला 10 हजार. 2006 ची गाडी म्हणजे तुम्ही उंबरठ्यावर आहात. शिवाय कॉम्बीच्या 1.9 टीडीआय डिझेल इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, मल्टिजेटसारखी चेन नाही. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन उघडावं लागतं. बदलल्याचं बिल नसेल तर तो खर्च किमतीतूनच कापा. आणि हो, गाडी मुळात दिल्लीची आहे का?

तानपुरेवाला :
हो, दिल्लीची. नंतर एमपी-07 झाली, म्हणजे ग्वाल्हेरचा नंबर.

मुरारची वहिनी :
संपलं. सोडा.

डिझेलानंद :
का सोडा? दिल्लीचीच तर घ्यावी. 2015 मध्ये हरित लवादाने दिल्लीत 10 वर्षांवरचं डिझेल बंद केलं, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच कायम ठेवलं, तेव्हापासून तिथले लोक धडधाकट गाड्या मातीमोल विकतायत. आपण तीनशे-सव्वातीनशे किलोमीटरवर बसलोय. तिथल्या आरटीओची एनओसी आणा, मध्य प्रदेशाचा टॅक्स भरा, गाडी तुमची. ज्याला दिल्लीचा बाजार खेळता येत नाही त्यानेच भीती घालावी.

मुरारची वहिनी :
खेळता येत नाही? माझ्या भावाने अशीच ‘धडधाकट’ घेतली होती, तुमच्या लाडक्या जपानी बिल्ल्याची. मीटरवर साठ हजार. नंतर सर्व्हिसची नोंद काढली, तर चार वर्षांपूर्वीच सव्वा लाखाच्या पुढे! दलालाचा फोन लागेना. आणि मीटर खरा असला तरी काय, दिल्लीत गाडी किलोमीटर कमी आणि तास जास्त चालते. रिंग रोडवर दीड तास सुरू उभी, मीटर सरकला वीस किलोमीटर. क्लच, टर्बो, एसीचा कॉम्प्रेसर यांना मीटर दिसत नाही.

डिझेलानंद :
तुमच्या घरातले लोक चौकशी न करता घेतात, त्याला दिल्ली काय करणार?

मुरारची वहिनी :
घरच्यांवर जाऊ नका. मेहुण्याची सेदान आणि सासूबाई तुम्हीच मध्ये आणल्या.

कंपूचे काका :
अरे भांडता कशाला. दिल्ली नको, जुनी नको. ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यातून नवीन घ्या, रोड टॅक्स निम्मा. 1905 पासून मेळा भरतोय तो उगाच नाही.

लष्करकर :
काका, निम्मा टॅक्स वाचवायला आधी नवीन गाडीचे पैसे लागतात. तानपुरेवाल्याचं बजेट तीन-चार लाख आहे, आणि तुम्ही स्वतः वीस वर्षं जुनी मरीना चालवताय.

वहिनींचं तासांचं गणित पटलं, तेवढं घ्या. पण त्याने माझंच म्हणणं पक्कं होतं. त्यांच्या भावाची फसवणूक जपानी गाडीत झाली, काकांची टाटा अजून पाळणे वाहते आहे. गाडीचा आधीचा मालक आणि तुमचा मिस्त्री, या दोघांकडे बघा. कॉम्बी घेणारा बहुतेक शौकीन असतो, बिलं जपून ठेवतो. थंड इंजिन सुरू करायला लावा, ऑइलचं झाकण उघडून धूर बघा, स्कॅनर लावा.

डिझेलानंद :
‘शौकीन मालक’ हे जुन्या युरोपियन गाडीच्या प्रत्येक जाहिरातीत असतं. आणि मिस्त्री? ट्रान्सपोर्ट नगरात शंभर जणांना विचारा, अर्टिगा डोळे झाकून उघडतील. कॉम्बीला किती हात लावतील? लोकांनी गाडी घेतली, म्हणून मिस्त्री शिकला, म्हणून पार्ट आला. नाव असं होतं, जाहिरातीने नाही. तुमचं मल्टिजेट टिकलं तेसुद्धा मारुतीच्या गॅरेजांनी टिकवलं.

लष्करकर :
हे शेवटचं वाक्य बरोबर आहे. बाकीच्या वाक्यांवर पुन्हा वाद घालायला आज वेळ नाही, जपानी नसलेली गाडी धुवायची आहे.

तानपुरेवाला :
सगळ्यांचे आभार, थोडे काळजीनेच. कॉम्बीच्या मालकाला फोन केला. बेल्टचं बिल नाही, ‘बदललाय बहुतेक’ म्हणाला. आरसी येत्या नोव्हेंबरपर्यंत. सोडली. डिकीत तानपुरा मात्र आडवा मावत होता, त्याचं वाईट वाटतं. आता झाशी रोडवर 2016 ची अर्टिगा डिझेल बघायला चाललोय. तिसरी रांग आणि मधल्या रांगेतली एक जागा पाडली की तानपुरा बसेल, पण मग पोरांपैकी एकाला आजोबांच्या मांडीवर.

डिझेलानंद :
म्हणजे जपानीच. नमस्कार.

लष्करकर :
इंजिन फियाटचं. नमस्कार.

मुरारची वहिनी :
नंबर कुठला आहे?

तानपुरेवाला :
डीएल, दिल्लीचा. दहा वर्षं भरत आली म्हणून विकतायत.

मुरारची वहिनी :
सर्व्हिसची नोंद नंबरावरून आधी काढा, मगच घराबाहेर पडा. आणि या दोघांना बरोबर नेऊ नका.