कवीची कडवी गाळायचा हक्क संगीतकाराला असतो का?

मात्रावृत्त: इंग्लिश कवी ए. ई. हाउसमनच्या 'अ श्रॉपशर लॅड' या संग्रहातली (१८९६) एक कविता. मेलेला तरुण जिवंत मित्राला विचारतोय: माझे घोडे अजून नांगरतात का? नदीकाठी फुटबॉल चालतो का? माझी प्रेयसी रडायची थांबली का? आणि तू बरा आहेस ना? एक कडवं प्रश्नाचं, एक उत्तराचं, अशी आठ. शेवटी कळतं, प्रेयसी आता मित्राजवळ आहे.

संगीतकार व्हॉन विल्यम्सने १९०९ मध्ये टेनर (उंच पट्टीचा पुरुषी आवाज), पियानो आणि स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांचा संच) यांच्यासाठी चाल बांधताना फुटबॉलची दोन्ही कडवी उडवली. हाउसमन भडकला. याच्या संगीतातले दोन बार (मात्रांचे गट) मी कापले तर चालेल का, म्हणाला. याच कवितेला चाल लावणाऱ्या जॉर्ज बटरवर्थच्या १९११च्या गाण्यात मात्र आठही आहेत. माझ्या मते कात्री साफ चूक. काम, खेळ, प्रेम, मग खुद्द मित्र, असे प्रश्न जवळ सरकत येतात. घोड्यांवरून थेट प्रेयसीवर उडी कशाला?

कोमल_धैवत: हक्क आहेच. व्हॉन विल्यम्सचं म्हणणं होतं, अर्थ बदलत नसेल तर हवा तेवढा भाग घ्यावा. वर टोला: गोल उभा, गोलकीपर उभा, असल्या ओळी अजरामर केल्या नाहीत म्हणून कवीने आभार मानावेत! खरं सांगा, त्या ओळी चांगल्या आहेत? शिवाय व्हॉन विल्यम्सकडे मृताला म्यूट लावलेली (आवाज दाबलेली) तंतुवाद्यं आणि मित्राला पियानोची धडधड. हे चारदा केलं की रंग उतरतो.

मात्रावृत्त: बटरवर्थने चारदा केलं, कुठे उतरला? चारेक मिनिटांचं गाणं, एकच बॅरिटोन (मधल्या पट्टीचा पुरुषी आवाज). मृत वरच्या सुरात अगदी हळू, पियानो खाली घसरत जाणारा. मित्र खणखणीत. फुटबॉलवर तो बिनधास्त बोलून जातो, म्हणूनच 'कोणाची ते विचारू नकोस' म्हणताना त्याचा आवाज पडतो ते लागतं.

रिकामटेकडा: बटरवर्थ पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईत मारला गेला, ५ ऑगस्ट १९१६, वय ३१. हे माहीत असलं की गाणं ऐकवत नाही.

कोमल_धैवत: गाणं युद्धाआधीचं आहे हो. त्याच्या मरणाचे मार्क चालीला कशाला?

जुनी_तबकडी: आपल्याकडे तीन मिनिटांच्या तबकडीपायी कडवी गेलीच की. एवढा गहजब कुठे झाला?

मात्रावृत्त: तिथे नाइलाज होता. व्हॉन विल्यम्सवर कसली सक्ती होती?

रिकामटेकडा: हाउसमन चाल लावणाऱ्यांना सहसा अडवत नसे, पैसेही घेत नसे. फुकट मिळालंय तर निदान पूर्ण घ्या!

कोमल_धैवत: अडवत नव्हता ना? मग नंतर कुरकुर कसली?