मुलाचं ड जीवनसत्त्व ११: आनुवंशिक की वजनामुळं?

खानापूरकर: मुलगा १३ वर्षांचा, वजन ६८ किलो, मानेवर काळपट घड्या. रक्तात ड जीवनसत्त्व ११ (नॅनोग्रॅम/मिली) आलंय. घरात सगळ्यांचंच कमी. जनुकीय चाचणी करायची का?

टिळकवाडी: पैसे वाचवा. जीसी, सीवायपी२आर१ या जनुकांमुळं पातळी थोडी खालीवर होते, पण उपचार बदलत नाहीत. हे जीवनसत्त्व चरबीत मुरतं. म्हणून स्थूल मुलांच्या रक्तात कमी दिसतं, डोसही दुप्पट-तिप्पट लागतो. २०च्या वर यायला हवं.

शहापूरकर: ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी लिहून दिली असेल तर आठवड्याला एक, रोज नव्हे! इथंच घोळ होतो. रोज घेतली की रक्तात कॅल्शियम चढतं: उलट्या, बद्धकोष्ठता, मूत्रपिंडाला इजा. जेवणानंतर दुधातून द्या. डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे संपले की बंद.

टिळकवाडी: आणि मान घासू नका, तो मळ नव्हे. इन्सुलिन नीट लागू पडत नसल्याची खूण आहे ती. उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी), एसजीपीटी (यकृताची तपासणी) करून घ्या. नुसत्या पुडीनं साखर सुधारेल ही आशा नको.

खानापूरकर: आणि ऊन?

शहापूरकर: ११ ते ३ मधलं, हातपाय उघडे ठेवून. काचेआडचं चालत नाही. खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडच्या पावसाळ्यात मात्र उन्हावर विसंबू नका.