बुरीरामला मोटोजीपी बघायला जायचंय, राहायचं कुठे?

मंडळी, मदत हवी आहे. 2023 च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडाला मोटोजीपी (मोटरसायकलींची जागतिक शर्यत) आली, इटलीचा रायडर बेझेक्की जिंकला आणि मी ऑडिटपायी परळला ऑफिसात. 2024 ची तर रद्दच झाली. आता आपल्याकडे परत कधी येते याची वाट बघण्यात अर्थ नाही, म्हणून धाकट्या भावाला घेऊन थायलंडला बुरीरामची रेस बघायचं ठरवलंय.

मुंबई-बँकॉक विमानाचं मी बघतो. घोडं अडलंय पुढे. बुरीराम बँकॉकपासून साधारण 400 किलोमीटर, आपल्या एखाद्या जिल्ह्याच्या गावासारखं. 2018 पासून तिथे मोटोजीपी होते, पण हॉटेलं मोजकीच आणि रेसच्या दिवसांतले भाव बघून डोळे पांढरे झाले. शेजारच्या सुरिनला राहून तीन दिवस ये-जा जमेल का? संध्याकाळी गर्दी सुटल्यावर परतायला गाडी मिळते, की ट्रॅकबाहेर ताटकळावं लागतं? बँकॉकहून रात्रीची ट्रेन बरी की बस?

आणि हो, भाऊ पक्का शाकाहारी. दशम्या-चटणी बांधून नेतोच आहे, पण तीन दिवस कसे पुरणार! कुणी जाऊन आलं असेल तर सविस्तर लिहा.