मदत हवी आहे : शिडाच्या नौकेतील डिझेल इंजिनाची देखभाल सोपी कशी करता येईल?

नमस्कार. मुंबई बंदरात गेटवेसमोर बोयाला बांधलेली एक तीस फुटी, फायबरग्लासची शिडाची नौका आम्ही काही मित्र मिळून सांभाळतो. तिच्यात दोन सिलिंडरचे, साधारण १८ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आहे. इंजिनात कूलंट फिरते आणि समुद्राचे पाणी फक्त हीट एक्स्चेंजरमधून (कूलंटची उष्णता काढून घेणाऱ्या भागातून) जाऊन धुराबरोबर बाहेर पडते. इंजिनाबद्दल काहीही तक्रार नाही, तक्रार आहे ती त्याला दिलेल्या जागेबद्दल. खाली उतरण्याच्या पायऱ्या काढल्या की इंजिनाची समोरची बाजू दिसते खरी, पण ज्या भागांना वारंवार हात लावावा लागतो ते नेमके उजव्या कुशीला, प्लायवूडच्या भिंतीला खेटून बसवलेले आहेत. मे अखेरीस नौका पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर घेतली जाईल, तेव्हा जे बदल करायचे ते एकदाच आणि विचारपूर्वक करावेत असे आम्ही ठरवले आहे.

सर्वांत मोठी अडचण समुद्राच्या पाण्याच्या पंपाची आहे. बंदरातले पाणी गढूळ, त्यात प्लास्टिकच्या पिशव्या. एखादी पिशवी सी-कॉकच्या (नौकेच्या कवचातून समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या तोटीच्या) तोंडावर बसली की पंप कोरडा चालतो आणि आतल्या रबरी इम्पेलरची, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चाकाची, पाती फार लवकर तुटतात. इम्पेलर बदलणे हे एरवी दहा मिनिटांचे काम. आमच्याकडे मात्र पंपाचे झाकण मागच्या दिशेला आहे, त्यामुळे त्याचे सहा बारीक स्क्रू दाढीच्या आरशात बघत उलट्या हाताने सोडवावे लागतात आणि निसटलेला स्क्रू थेट बिल्जमधल्या, म्हणजे नौकेच्या तळाशी साचलेल्या, काळ्या पाण्यात जातो. शिवाय तुटलेल्या पात्यांचे तुकडे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकतात. ते सगळे शोधून काढल्याशिवाय नवा इम्पेलर बसवण्यात अर्थ नसतो, आणि तिथे जाणारी नळी तर पंपाच्याही मागे आहे. हे काम हलत्या नौकेत, भर ओहोटीच्या प्रवाहात करण्याची वेळ येऊ शकते, म्हणून त्याला आम्ही पहिला क्रमांक देतो.

यावर दोन उपाय डोळ्यांसमोर आहेत. पहिला, त्या प्लायवूडच्या भिंतीत झडप कापून शेजारच्या बिछान्याच्या बाजूने हात घालण्याची सोय करणे. मात्र ही भिंत नुसती स्क्रूने बसवलेली नसून तिच्या कडा फायबरग्लासच्या पट्ट्यांनी नौकेच्या कवचाला जोडलेल्या आहेत, म्हणजे ती काही भार घेत असणार. अशा भिंतीत साधारण एक फूट रुंद झडप कापायची असल्यास कडेने किती जाड चौकट द्यावी आणि कोपरे गोल ठेवणे पुरेसे होते का? दुसरा उपाय, मूळ झाकणाऐवजी हाताने फिरवता येतील अशा मोठ्या स्क्रूंचे झाकण बसवणे.

दुसरा प्रश्न इंधनाचा आहे. टाकी इंजिनापेक्षा खाली असल्यामुळे फिल्टर बदलल्यावर यंत्रणेतली हवा काढताना इंजिनावरच्या फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाची) छोटी दांडी बोट दुखेपर्यंत हलवावी लागते. विजेवर चालणारा छोटा पंप मध्ये बसवला तर हे काम सोपे होईल, पण तो बसवायचा कुठे यावर आमच्यातच एकमत नाही. पाणी वेगळे करणाऱ्या पहिल्या फिल्टरच्या आधी बसवला, तर पंपातून जाताना पाणी डिझेलमध्ये घुसळले जाते आणि ते खाली बसणे कठीण होते. आपल्या दमट हवेत टाकीत पाणी साठते आणि त्यावर डिझेलमधले शेवाळासारखे जंतू वाढतात, त्यामुळे हा मुद्दा मला गौण वाटत नाही. फिल्टरच्या नंतर बसवला, तर फिल्टर ओढीच्या बाजूला राहतो आणि एखादा सांधा सैल असला तरी डिझेल गळत नाही, उलट हवा गुपचूप आत शिरते. माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे, सोबत एक व्हॅक्यूम गेज (नळीतली ओढ किती आहे ते दाखवणारे मापक) लावण्याकडे आहे. ज्यांनी असे केले आहे त्यांचा अनुभव वाचायला आवडेल.

ऑइलच्या बाबतीत फारसा गुंता नाही. डिपस्टिकच्या भोकातून शोषून घेण्याऐवजी तळाच्या प्लगला कायमची नळी जोडून हातपंप लावण्याचा विचार आहे. ऑइल फिल्टर नळ्यांनी दूर नेऊन बसवावा असेही एकाने सुचवले, परंतु ती नळी फुटल्यास सगळे ऑइल क्षणात बाहेर पडेल, म्हणून तो मार्ग मला पटत नाही.

ट्रॉलरवर काम करणाऱ्या मिस्त्रींना विचारून पाहिले. त्यांच्या इंजिनाभोवती माणूस उभा राहू शकतो, त्यामुळे ही अडचण त्यांना थोडी गमतीची वाटली. त्यांच्या ओळखीचा एक लेथवाला पंपाचे झाकण बनवून देण्यास तयार आहे. पंपाचे अंग ब्राँझचे असल्यास झाकण ब्राँझचेच करावे की ३१६ स्टेनलेस स्टीलचे चालेल, आणि गॅस्केटऐवजी ओ-रिंगची (गळती रोखणाऱ्या रबरी कड्याची) खाच कापून घेतल्यास इम्पेलर व झाकण यांमधले अंतर बिघडते का, हे कृपया जाणकारांनी सांगावे. काम त्याच्याकडे सोपवण्यापूर्वी एवढे तरी नक्की करायचे आहे.