मोहर्लीच्या रिसॉर्टात टिप: कुणाला, किती, कधी?

दर्यापूरची_सून

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ताडोब्याला मोहर्ली गेटजवळच्या रिसॉर्टात दोन रात्री मुक्काम आहे. चार मोठे, दोन पोरं, दोन खोल्या. जेवण पॅकेजात. कोअरच्या, म्हणजे आतल्या गाभ्याच्या जंगलातल्या, दोन सफारी आणि बफरची, म्हणजे भोवतालच्या पट्ट्यातली, एक. सोबत अमेरिकेतले चुलत दीर-जाऊ आहेत. दीर म्हणतात, बिलाच्या वीस टक्के टिप द्यावीच लागते. घरी सासरे म्हणतात, सगळे पैसे आधीच भरलेत, वरून काहून द्यायचे? खोली आवरणारे, वाढणारे, आचारी, जिप्सीवाला (सफारीची उघडी गाडी चालवणारा), गाईड यांत कुणाला किती द्यायचं? रोज की निघताना? फोनवरून चालतं का? आणि पैशाऐवजी वस्तू द्यावी का? घरात चांगले स्वेटर नुसते पडून आहेत. दीर मॅनेजरसाठी दोन बाटल्याही घेणार म्हणतात.

तेंदूपान

वीस टक्क्यांचं गणित तिकडचं आहे, ते तिकडेच राहू द्या. अमेरिकेत टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचं केंद्रीय किमान वेतन तासाला २.१३ डॉलर आहे आणि ते १९९१ पासून हललेलं नाही. उरलेलं टिपेतून निघेल असं गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडे पगार टिप धरून ठरत नाही. शिवाय तुमच्या पॅकेजात सफारीची फी असेल, जीएसटी असेल. त्या सगळ्यावर टक्का लावला तर आकडा उगाच फुगतो आणि तरी जिप्सीवाल्याच्या हातात त्यातलं काही पडत नाही. टक्का सोडा, माणूस आणि काम पाहून द्या.

खोलीसाठी दर खोलीला रोजचे १०० पुरेत. दोन खोल्या, दोन दिवस, म्हणजे ४००. हे रोज सकाळी द्या, शेवटच्या दिवसावर ढकलू नका. पाळी बदलते, कुणाची सुटी निघते, आणि दोन दिवस खोली आवरणारा एक, पैसे मिळाले दुसऱ्याला असं होतं. उशीखाली तर ठेवूच नका. चादरी-अभ्रे गोळा करून सरळ धुवायला जातात, त्यात नोट गेली की गेली. आणि नोट दिसली तरी प्रामाणिक पोरगा ती उचलत नाही, कारण खोलीत सापडलेली रक्कम पाहुण्याची समजून रिसेप्शनच्या रजिस्टरात नोंदवायची असते. टेबलावर पाण्याच्या ग्लासाखाली ठेवा आणि चिठ्ठीवर 'खोली आवरणाऱ्यांसाठी' असं लिहा. एवढ्या दोन शब्दांनी काम होतं.

वाढणारे आणि आचारी यांच्यासाठी निघताना एकत्र टिपेच्या पेटीत टाका. माणशी रोजचे १०० धरले तर सहा जणांचे दोन दिवसांचे १२०० होतात, पोरांचे अर्धे धरलेत तरी कुणी हिशोब मागत नाही. पेटीचा फायदा असा की भांडी घासणाऱ्या काकू, धोबी, माळी, रात्रीचा चौकीदार यांनाही वाटा मिळतो. ही माणसं तुमच्यासमोर येतच नाहीत. वाढणारा समोर असतो म्हणून सगळं त्याच्याच हातात पडतं, आणि मग मागच्या खोलीत धुसफूस. मात्र आधी विचारून घ्या, पेटी कोण उघडतं आणि कधी. 'महिन्याला सगळ्यांसमोर' असं उत्तर आलं तर बिनधास्त टाका. 'साहेब बघतात' असं आलं तर हातोहात द्या.

आचाऱ्याने तुमच्यासाठी वेगळं काही केलं असेल, पोरांचं बिनतिखटाचं किंवा फर्माईश म्हणून पाटोडी-रस्सा, तर त्याला बाहेर बोलवा, जेवण कसं झालं ते तोंडावर सांगा आणि २०० वेगळे द्या.

सामानाचे येताना ५० आणि जाताना ५०. या भागात वेगळा हमाल नसतो, बॅगा उचलणारा पोरगाच दुपारी ताटं वाढतो. पहाटे साडेचारला उठून चहा करणारा आणि सफारीचा नाश्ता डब्यात भरून देणारा बहुतेक तोच असतो. त्याचं नाव विचारून ठेवा.

भाड्याची गाडी घेऊन जात असाल तर ड्रायव्हरच्या झोपण्या-जेवण्याचं बुकिंग करतानाच बोलून घ्या. डिसेंबरात गाडीत झोपायला लावू नका.

जिप्सीवाला_भाऊ

मी जंगलातल्या टिपेचंच सांगतो. गाईडची फी आणि जिप्सीचं भाडं बुकिंगमध्ये धरलं आहे की गेटवर भरायचं, हे पावतीवर पाहून घ्या. दोन्हीही टिप नव्हे. जिप्सीचं भाडं मालकाला जाते, आणि चालवणारा दरवेळी मालक असतोच असं नाही.

टिप गाडीमागे असते, माणशी नाही. एका सफारीला गाईडला ३००, ड्रायव्हरला ३००. तीन सफारींचे १८०० झाले. दर सफारी संपली की लगेच द्या, कारण गाईड गेटवर नंबराने लागते, उद्या दुसराच येईन. आणि गाईड परत येताना गेटवरच उतरून जाते, ड्रायव्हर तुम्हाले रिसॉर्टपर्यंत सोडते. बरेच पाहुणे रिसॉर्टात पोचल्यावर पाकीट काढतात, तोवर गाईड घरी. गेट दिसायच्या आधीच त्याचे पैसे वेगळे काढून ठेवा. दोघांचे मिळून एकाच्या हाती देऊ नका.

कोअरमध्ये मोबाईल नेता येत नाही, म्हणून फोनवरून द्यायचा प्रश्नच मिटला. रोखच पाह्यजे.

आता खरं सांगण्यासारखं. गाडीत बसल्याबरोबर 'भाऊ, वाघ दाखव, हजार देतो' असं बोलू नका, बाप्पा! ही टिप नाही, पैज झाली. मग ड्रायव्हर गाडी पळवते, दुसऱ्या जिप्सीच्या पुढे घालते, वाघाची वाट अडवते. ३१ डिसेंबर २०२४ ले उमरेड-कऱ्हांडल्याच्या अभयारण्यात, गोठणगावच्या सफारीत, वाघीण आणि तिचे पाच बछडे दोन्हीकडून जिप्स्यांनी घेरले होते. व्हिडिओ गावभर झाला, ड्रायव्हर-गाईड निलंबित झाले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. 'अजून जवळ घे' म्हणणारे पाहुणे आपल्या घरी गेले, काम बंद झालं ते गावच्या पोरांचं. तुम्ही नेमक्या त्याच आठवड्यात येऊन राहिले, गर्दी राहीलच.

वाघ नाही दिसला तरी टिप द्या. दोन तास उभं राहून सांबराचा, वानराचा कॉल (वाघ जवळ असल्याची इशाऱ्याची हाक) ऐकणं, पगमार्क (पंज्याचा ठसा) जुना की ताजा हे सांगणं, पक्षी ओळखून देणं हेच गाईडचं काम. हां, गाईड सारा वेळ गप्प बसला, विचारलं तर 'माहीत नाही' म्हणाला, तर नका देऊ. त्याचं कुणाले वाईट वाटाचं कारण नाही.

आणि गेटवरच्या वनरक्षकाले काही देऊ नका. तो सरकारी नोकर आहे.

हिशोबी_मास्तर

वरच्या शेवटच्या ओळीत भर. सरकारी नोकराला कामासाठी पैसे देणं हा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाऱ्याचाही थेट गुन्हा आहे. 'चहापाण्याला दिले' ही सबब चालत नाही.

सासऱ्यांचा मुद्दा मला पटतो. पगार देणं मालकाचं काम आहे, पाहुण्याचं नाही. टिप ऐच्छिक आहे आणि ऐच्छिकच राहावी. म्हणूनच बिल नीट वाचा. जीएसटी हा कर आहे, तो भरावाच लागतो. पण 'सर्व्हिस चार्ज' म्हणून पाच-दहा टक्के आपोआप लावले असतील तर ते काढायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत हॉटेल-रेस्टॉरंटना हा चार्ज बिलात आपोआप लावायला मनाई केली. २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. काउंटरवर शांतपणे म्हणा, 'हा चार्ज काढून नवीन बिल द्या, टिप आम्ही हाताने देतो.' ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. चार्ज मुकाट्याने भरला आणि वर पेटीतही टाकले, तर एकाच कामाचे दोनदा दिल्यासारखं होतं.

काटेसावर

वस्तूंबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

आधी एक अडचण समजून घ्या. पाहुण्याने दिलेली वस्तू घेऊन कर्मचारी घरी निघाला की फाटकावर पिशवी तपासली जाते. नवा टॉर्च किंवा स्वेटर निघाला तर पहिला संशय चोरीचा, आणि तोवर तुम्ही वरोरा ओलांडलेलं असता. म्हणून चिठ्ठी लिहा: 'ही वस्तू आम्ही अमुक यांना भेट दिली', खोली क्रमांक, तारीख, सही. चिठ्ठी रिसेप्शनला दाखवून मगच वस्तू द्या. मोठ्या रिसॉर्टात यासाठी गेटपासच फाडतात. खोलीत तशीच सोडून गेलात तर ती विसरलेल्या वस्तूंच्या कपाटात जाऊन पडते.

स्वेटर द्यायचे तर धुतलेले, चेन आणि बटणं शाबूत असलेले, आणि विचारूनच. गाठोडं पुढे करू नका, माणूस अवघडतो. गाईड ड्यूटीवर गणवेश घालतात, त्यामुळे त्यांना झगमगीत जॅकेट निरुपयोगी. उघड्या जिप्सीत पहाटे उपयोगाचं म्हणजे कानटोपी आणि हातमोजे, मातकट किंवा गडद हिरव्या रंगाचे. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी सुती दुपट्टा द्यावा.

गाईडला मोठी भेट द्यायचीच असेल तर दुर्बीण, ८×४२ ची. त्यातला ८ म्हणजे किती पट मोठं दिसतं ते, ४२ म्हणजे समोरच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. हलत्या गाडीत जास्त पटीच्या दुर्बिणीत चित्र थरथरतं, आणि भिंग लहान असेल तर पहाटेच्या उजेडात काळोखच दिसतो. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त झूमवाल्या दुर्बिणी महिनाभरात कपाटात जातात.

खाऊ न्यायचा तर बंद पाकिटातला, बाकरवडी, चिवडा असा. संत्रा बर्फी डिसेंबरात चालेल, मे महिन्यात दोन दिवसांत आंबते. स्टाफ वीस-पंचवीस जणांचा धरा, एका किलोत साधारण चाळीस तुकडे बसतात, म्हणजे किलोभर पुरे. अर्धवट उरलेली बिस्किटं 'घ्या तुम्हाला' म्हणून देऊ नयेत.

रस्त्यावरच्या पोरांना गाडीतून चॉकलेट वाटू नका. पुढच्या खेपेला ती जिप्सीमागे धावतात, आणि एखादं चाकाखाली आलं म्हणजे मग सगळे हळहळणार. वह्या-पेन द्यायचे तर जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापकांकडे द्या. नाताळची सुटी सोडली तर शनिवारी सकाळीही कुणी ना कुणी भेटतं.

बाटल्या मात्र नकोत. दर्यापूरहून अमरावती, वर्धा, हिंगणघाट, वरोरा असे आलात तर मधला वर्धा जिल्हा दारूबंदीचा आहे. चंद्रपूरची बंदी २०२१ ला उठली म्हणून रस्ता मोकळा झाला असं होत नाही. शिवाय घेणारा वैनगंगेपलीकडचा, गडचिरोलीचा असेल तर तिथेही १९९३ पासून बंदी. भेट तुमची, खटला त्याच्यावर.

दर्यापूरची_सून

सगळ्यांचे आभार. बाटल्या रद्द, स्वेटर विचारून. एकच उरलं: दीर म्हणतात डॉलरच देतो, त्यांना जास्त मिळतील. आणि त्यांच्याकडे मागच्या खेपेच्या दोन हजाराच्या नोटाही आहेत.

तेंदूपान

दोन्ही नकोत. डॉलर बदलायला इथल्या पोराला परवानाधारक मनी चेंजर शोधत नागपूर गाठावं लागेल. पाच-दहा डॉलरसाठी रजा आणि एसटीचं भाडं कोण घालवणार? नाण्यांना तर कुणी हातच लावत नाही. दिरांनी स्वतः विमानतळावर किंवा बँकेत रुपये करून घ्यावेत. दोन हजाराची नोट रिझर्व्ह बँकेने १९ मे २०२३ ला चलनातून काढून घेण्याचं जाहीर केलं. साध्या बँकेत ती आता बदलून मिळत नाही, रिझर्व्ह बँकेच्या कचेरीतच जावं लागतं. आपल्याकडे ती नागपूरला आहे, दिरांनाच तिकडे पाठवा.

वरचा सगळा हिशोब मिळून: खोल्यांचे ४००, पेटीचे १२००, सामानाचे १००, सफारीचे १८००, म्हणजे ३५००. आचाऱ्याचे २०० द्यावेसे वाटले तर वेगळे. दर्यापूरच्याच बँकेतून शंभराच्या तीस आणि पन्नासच्या दहा नोटा काढून घ्या. पाचशेची नोट घेऊन पहाटे पाचला सुटे मागत फिरलात तर मोहर्लीत चहावालाही उठलेला नसतो.

जिप्सीवाला_भाऊ

सफारीचे १८०० आधीच सहा पाकिटांत ३००-३०० करून ठेवा, तीनवर गाईड लिहा, तीनवर ड्रायव्हर. अंधारात, थंडीनं आखडलेल्या बोटांनी नोटा मोजत बसलं की गेटवर मागच्या गाड्या हॉर्न मारतात.