सभागृहाचं कामकाज की कार्यवाही? (आणि लक्षवेधी 'लागते' म्हणजे काय होतं?)

टिकरवाली:
मी एका बातम्यांच्या पोर्टलवर आहे. अधिवेशन सुरू झालं की सकाळपासून लाइव्ह अपडेट टाकणं माझ्या गळ्यात. काल मी लिहिलं 'विधानसभेचं कामकाज दिवसभरासाठी तहकूब', तर डेस्कवरच्या सिनियरनी ते खोडून 'विधानसभेची कार्यवाही स्थगित' केलं. म्हणे कामकाज म्हटलं की टेबलावर फायली आणि बाजूला चहाचा कप डोळ्यासमोर येतो, कार्यवाही म्हटलं की कसं वजन येतं. मला पटलं नाही, पण का पटलं नाही ते तेव्हा सांगता येईना म्हणून गप्प बसले. बरोबर काय ते सांगा ना कोणीतरी. आणि जमलं तर 'लक्षवेधी लागली' यातली लक्षवेधी म्हणजे नक्की कोण तेही सांगा, कारण माझ्या आईच्या भाषेत लक्षवेधी फक्त साडी असते.

कोशकिडा:
तुमचं बरोबर होतं, बिनधास्त भांडा. सिनियर हिंदी वाहिन्या जास्त बघत असणार. हिंदीत 'सदन की कार्यवाही' म्हणजे सभागृहात जे चाललंय ते सगळं, आणि कुणाला शिक्षा करायची तर 'कार्रवाई'. मराठीत हे काम तीन शब्दांनी वाटून घेतलंय. सभागृहात चालतं ते कामकाज. एखाद्या अर्जावर, आदेशावर पुढची पावलं उचलणं ही कार्यवाही, त्यात राग नाही, कुणाला धडा शिकवणं नाही. आणि दोषी माणसाला नोटीस, निलंबन, दंड असलं काही झालं तर ती कारवाई. तहसीलदारानं तुमच्या अर्जावर कार्यवाही केली तर पेढे वाटा, तुमच्यावर कारवाई केली तर वकील गाठा. दोन अक्षरांच्या फरकानं माणूस आत जातो राव. त्यामुळे 'विधानसभेची कार्यवाही' वाचल्यावर माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो की विधानसभेनं कुणाच्या अर्जावर पावलं उचलली.

पर्वरीकार:
प्लस वन. 'सत्र' पण तिकडूनच घुसतंय, आपलं अधिवेशन छान आहे की. 'ध्वनिमताने मंजूर' वाचलं की तर मला लाउडस्पीकर आठवतो, आपल्याकडे आवाजी मतदान म्हणतात.

सचिवालयकाका:
टिकरवाली ताई, मी बरीच वर्षं सभागृहाच्या वृत्तांताचं टायपिंग केलंय, आता रिटायर आहे, नाव विचारू नका. कोशकिड्यानी तीन शब्द सांगितले ते तिन्ही एकाच कागदावर बघायचे असतील तर तारांकित प्रश्नांची यादी काढा. त्याचा साचा इतका ठरलेला की आम्ही झोपेत पण टाइप करू. 'सन्माननीय सार्वजनिक बांधकाम मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) अमुक रस्त्याचे काम निकृष्ट झाले आहे, हे खरे आहे काय; (२) असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय; (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार दोषींवर कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे; (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' बघा, दोषी आले की कारवाई. तोच प्रश्न रस्ता कधी होणार एवढाच असेल तर 'पुढे कोणती कार्यवाही केली' असं येतं. आणि हे सगळं ज्यात घडतं त्याची पत्रिका छापली जाते तिचं नाव कामकाज पत्रिका, कोणते विषय कधी घ्यायचे ते ठरवते ती कामकाज सल्लागार समिती. समितीच्या नावातच कामकाज आहे तर सिनियरला एवढंच दाखवा.

आता मंत्र्यांचं उत्तर. 'हे खरे आहे', 'हे अंशतः खरे आहे', 'हे खरे नाही' आणि सगळ्यांचा बाप म्हणजे 'प्रश्न उद्भवत नाही'. लोक या शेवटच्यावर हसतात, पण त्यात उद्धटपणा नसतो हो. पहिल्या भागाला 'नाही' म्हटलं की 'असल्यास' ने सुरू होणारे खालचे भाग आपोआप गळतात, त्याला दिलेलं ते उत्तर आहे. आमच्या घरी मात्र त्याचा फार गैरवापर झाला. बायकोनी विचारलं भाजी आणली का, असल्यास कोथिंबीर आणली का, तर मुलगा म्हणायचा (१) नाही, (२) प्रश्न उद्भवत नाही.

वऱ्हाडी ठेचा:
काकांनी मारला सिक्सर 😂

टिकरवाली:
काका खूप खूप धन्यवाद, पण तारांकित म्हणजे खरोखरच तारा असतो का त्यावर?

सचिवालयकाका:
हो, क्रमांकाच्या आधी फुली असते चांदणीसारखी. तो मंत्र्यांनी तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, त्यावर उपप्रश्न विचारता येतात आणि खरी मजा उपप्रश्नात. अतारांकितला लेखी उत्तर येतं, चर्चा नाही.

कोशकिडा:
आता लक्षवेधी. पूर्ण नाव लक्षवेधी सूचना, विधानसभेत नियम १०५ खाली देतात. तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीकडे मंत्र्यांचं लक्ष वेधायचं, मंत्री निवेदन करतात, मग प्रश्न विचारायचे. बोलताना 'सूचना' गळून पडली आणि विशेषणाचं नाम झालं. पण सूचना स्त्रीलिंगी होती ते लिंग मात्र मागे राहिलं, म्हणून 'माझी लक्षवेधी'. असं मराठीत होतं, 'पुरवणी' बघा, पुरवणी मागण्यांमधली मागणी गेली आणि 'यंदा पुरवणी किती हजार कोटींची' एवढंच उरलं. 'लागली' हे क्रियापद मात्र मला फार आवडतं. आमदार लक्षवेधी 'देतो' किंवा 'टाकतो', पण ती पत्रिकेत आली की 'लागते'. लॉटरी लागते, नोकरी लागते, नंबर लागतो, तसंच. म्हणजे देणं माझ्या हातात, लागणं माझ्या हातात नाही हे त्या एका क्रियापदात आलं. मतदारसंघात 'आपली लक्षवेधी लागली' असा निरोप जातो तेव्हा लोक खरंच खूश होतात.

वऱ्हाडी ठेचा:
आमच्या नागपुरात डिसेंबरात अधिवेशन आलं की चहावाला पण विचारते, तुमच्या साहेबाची लक्षवेधी लागली का म्हणून. विदर्भ महाराष्ट्रात येण्याआधीचा नागपूर करार १९५३ चा, त्यानुसार १९६० पासून हे थोड्या दिवसांचं सासर-माहेर सुरू आहे, शब्द तर राहतीलच नं इथं. बाकी हिवाळी अधिवेशनाची सुरुवात होते चहापानानं आणि विरोधक त्या चहापानावर बहिष्कार टाकतात, तर 'चहापान' या शब्दाचा अर्थ आता 'ज्यावर बहिष्कार टाकतात ते' असा शब्दकोशात द्या बापा.

टिकरवाली:
हाहा. बरं आता दुसरा अर्धा भाग, तहकूब की स्थगित? सिनियरचं म्हणणं तहकूब उर्दू वाटतं.

कोशकिडा:
अरबी-फारसीकडून आलेला आहेच, मग काय झालं. आमदार, खासदार, नामदार या तिघांमधला 'दार' पण तिकडचाच. गोपाळ कृष्ण गोखले जुन्या छापील मजकुरात 'नामदार गोखले' असतात, मंत्र्यांच्या नावाआधी 'ना.' लिहायची पद्धत अजून आहे. ते सगळं काढायचं तर आमदारांना काय म्हणणार, विधायक? मराठीत विधायक म्हणजे भल्याचं, रचनात्मक, विधायक कार्य. सगळ्या आमदारांना सरसकट विधायक म्हणणं हा जरा जास्तच आशावाद होईल 😀

पण तहकूबचा मुद्दा चवीचा नाही, इथे अर्थच बदलतो. तीन पायऱ्या आहेत. बैठक तहकूब होते, ती अध्यक्ष करतात, दहा मिनिटांसाठी, दिवसासाठी, कशीही. अधिवेशन संस्थगित होतं, म्हणजे संपतं, ते राज्यपाल करतात. विधानसभा विसर्जित होते, तेही राज्यपालांच्या आदेशानं, आणि मग निवडणूक. या दोन्ही गोष्टी राज्यघटनेच्या अनुच्छेद १७४ मध्ये आहेत. (विधानपरिषद विसर्जित होत नाही, तिचे एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात.) आता तुम्ही 'स्थगित' लिहिलंत तर वाचणाऱ्यानं तहकूब समजायचं की संस्थगित? शिवाय मराठीत स्थगिती म्हणजे कोर्टानं किंवा मंत्र्यानं एखाद्या आदेशाला दिलेली स्थगिती. आणि स्थगन प्रस्ताव आणखी वेगळा, सगळं काम बाजूला ठेवून आमचा विषय घ्या म्हणणारा. एका स्थगच्या डोक्यावर किती ओझं टाकायचं?

रंकाळा:
शब्दानं काय फरक पडतो म्हणणाऱ्यांसाठी उदाहरण. ५ जुलै २०२१ ला १२ आमदार एका वर्षासाठी निलंबित केले होते, आठवतंय का. ते सुप्रीम कोर्टात गेले आणि २८ जानेवारी २०२२ ला कोर्टानं सांगितलं की निलंबन चालू अधिवेशनापुरतंच करता येतं, त्यापुढचं घटनाबाह्य. आणि ते अधिवेशन होतं किती दिवसांचं, दोन दिवसांचं! म्हणजे अख्खी केस अधिवेशन या शब्दाच्या लांबीवर फिरली. बैठक, अधिवेशन, विधानसभेची मुदत ही तीन वेगळी मापं आहेत, ती एकमेकात मिसळू नका.

पर्वरीकार:
सुरुवातीचं प्लस वन मीच टाकलं होतं, आता आमची गंमत सांगतो. गोव्यात विधानसभा पर्वरीला, ४० आमदार, विधानपरिषद नाहीच. आमच्याकडची मराठी वर्तमानपत्रं विधानसभेच्या प्रमुखाला 'सभापती' लिहितात. महाराष्ट्रात सभापती म्हणजे विधानपरिषदेचे आणि विधानसभेचे ते अध्यक्ष. मी मुंबईत नवीन होतो तेव्हा 'विधानसभेचे सभापती' म्हटलं तर शेजारचे काका माझ्याकडे असे बघायला लागले की मी ग्रामपंचायतीला संसद म्हटलं. आणि शून्य प्रहर, म्हणजे आयत्या वेळचे विषय मांडायची वेळ, आमच्याकडे रोज ऐकू येतो, तुमच्याकडे तो शब्द जवळजवळ नाहीच.

सचिवालयकाका:
नाही, आमच्याकडे ते काम 'औचित्याचा मुद्दा' करतो. आणि त्याची 'हरकतीच्या मुद्द्या'शी गल्लत करू नका, बातम्यांत सर्रास होते. हरकतीचा मुद्दा म्हणजे नियम मोडला जातोय, अध्यक्ष महाराज, थांबवा. औचित्याचा मुद्दा म्हणजे नियमात बसो न बसो, आज हे बोलणं गरजेचं आहे. हो, 'अध्यक्ष महाराज'. जुने वृत्तांत टाइप करताना प्रत्येक भाषणाच्या सुरुवातीला अध्यक्ष महाराज, मध्ये दर चार वाक्यांनी अध्यक्ष महाराज, बोलणाऱ्याला पुढचा शब्द सापडेना की परत अध्यक्ष महाराज. आता 'महोदय' जास्त झालंय. महाराज म्हणताना श्वास घेता यायचा, महोदय घाईघाईत 'मोदय' होतं.

आणखी एक. आमच्या प्रतीवर वर छापलेलं असायचं 'असुधारित प्रत'. गोंधळ झाला तर आम्ही कंसात फक्त '(अडथळा)' लिहायचो. पन्नास माणसं एकदम ओरडतायत, कागद उडतायत, आणि वृत्तांतात एक शब्द, अडथळा. त्यात सगळं आलं. टिव्हीवर त्याला 'हंगामा' म्हणतात.

कोशकिडा:
काका हंगामा वरून आठवलं, हा तर खजिना आहे. फारसीत हंगाम म्हणजे वेळ, मोसम. त्यातून मराठीनं हंगाम घेतला, आंब्याचा हंगाम, उसाचा गाळप हंगाम, आणि तात्पुरता या अर्थी हंगामी. म्हणून निवडणुकीनंतर आमदारांना शपथ देणारे ते हंगामी अध्यक्ष. आणि हिंदीनं त्याच घरातला हंगामा घेतला, गर्दी, गोंधळ. म्हणजे 'हंगामी अध्यक्षांसमोर हंगामा' असं लिहिलंत तर एकाच आजोबांचे दोन नातू भांडतायत.

टिकरवाली:
हे मी उद्या वापरणार. शेवटचा प्रश्न, आमदार 'वेलमध्ये उतरले' ला मराठीत काय? मी 'हौद्यात' लिहिलं तर कमेंटमध्ये एकानं विचारलं, हत्तीवर बसले का.

रंकाळा:
😂😂 त्याला सांगा कोल्हापूरला ये. हत्तीवरचा हौदा असतोच, पण तालमीत लाल माती भरलेली जी खोलगट जागा, जिथं पैलवान कुस्ती धरतात, तिला पण आमच्याकडं हौदाच म्हणतात. 'हौद्यात उतर मग बघू' ही आमची जुनी भाषा. अध्यक्षांच्या पुढची ती मोकळी जागा, तिथं आमदार घोषणा देत उतरतात, शड्डू तेवढा ठोकत नाहीत. मला तर हा शब्द वेलपेक्षा शंभर पटीनं चपखल वाटतो. पाण्याचा हौद म्हणायचं असेल तर 'हौदात' होईल, पण पाण्यात कोण उतरतंय.

कोशकिडा:
मान्य. आणि उतरून काय करतात, तर कधी कधी राजदंडापर्यंत हात जातो, मग निलंबन, म्हणजे कारवाई. परत पहिल्या प्रश्नावर आलो.

वऱ्हाडी ठेचा:
मतदानाचं राहिलं नं. आवाजी मतदान झालं की 'होय' वाले आणि 'नाही' वाले ओरडतात. १२ नोव्हेंबर २०१४ ला फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव तसाच आवाजी मतदानानं झाला होता, केवढा वाद झाला त्याचा. ४ जुलै २०२२ ला शिंदे सरकारच्या ठरावाला मात्र एकेकाला उभं करून मोजलं, १६४ विरुद्ध ९९. त्याला शिरगणती म्हणतात. हेडकाउंट म्हटलं तर शाळेत हजेरी घेतल्यासारखं वाटते, शिरगणती म्हटलं की कसं मुंडकं मोजल्यासारखं वाटते.

सचिवालयकाका:
आणि त्याआधी कोणी 'गणपूर्ती नाही', म्हणजे बैठकीला लागतात तेवढी किमान माणसं नाहीत, म्हणून बोट दाखवलं तर घंटा वाजते. विधानसभेच्या २८८ आमदारांचा दहावा हिस्सा म्हणजे २९ माणसं हवीत. संध्याकाळी उशिरा चर्चा चालू असताना २९ डोकी जमवायला किती पळापळ होते ते आम्ही बघितलंय.

टिकरवाली:
सगळ्यांचे खूप आभार. हा धागा प्रिंट करून सिनियरच्या टेबलावर ठेवला, 'पटलावर ठेवला' म्हणा. त्यांनी सगळा वाचला, दोनदा हसले, म्हणाले तुझं बरोबर आहे, बदलतो. आत्ता दुपारचं अपडेट लाइव्ह गेलं. 'विधानसभेची कार्यवाही तहकूब'.

वऱ्हाडी ठेचा:
अंशतः खरे आहे.